गाळलेल्या सतरा ओळी : ग्रीक शोकांतिका अनुवादातून वाचताना



आजचा विषय प्राचीन ग्रीक शोकांतिकांचा असला, तरी त्यांच्याविषयी मी बोलणार आहे ते अनुवादातून त्या वाचणाऱ्या वाचकाच्या बाजूने. मूळ ग्रीक वाचणारे आपल्यात फार थोडे. बाकीच्यांच्या हाती हे नाटक पडते ते इंग्रजीतून, किंवा इंग्रजीच्या वाटेने मराठीत आलेले. अशा वाचनाला किंमत किती द्यायची, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. ‘मूळ ते मूळ, अनुवाद म्हणजे दुधाची तहान ताकावर’ असे म्हणून तो निकालातही काढला जातो.

या निकालाआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अनुवादकाच्या हाती येण्यापूर्वीच हे नाटक अनेक चाळण्यांतून गेलेले असते. नगराने निवडले, शाळेने निवडले, योगायोगाने निवडले, संपादकांनी निवडले. अनुवादक सर्वांत शेवटी येतो. या चाळण्या कोणत्या हे माहीत असेल, तर अनुवादाचा वाचकही डोळसपणे वाचू शकतो. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त तर एक जागा अशी आहे, की तिथे आपल्या घरातला अनुभव मोठमोठ्या पंडितांच्या निर्णयालाही प्रश्न विचारू शकतो. त्या जागेपर्यंत आपल्याला जायचे आहे. पण आधी वाट पाहू.

अथेन्समध्ये वसंताच्या आरंभी डायोनिसस या देवाचा मोठा उत्सव होत असे. त्यात तीन कवींची स्पर्धा लागे. प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि त्यांच्यामागून एक थट्टेखोर ‘सॅटर’ नाटक सादर करायचे. म्हणजे एका उत्सवात नऊ शोकांतिका. गायकवृंदाचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकावर सोपवलेला असे. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसचे ‘पर्शियन्स’ झाले, तेव्हा हा भार तरुण पेरिक्लीसने उचलला होता. उपलब्ध नाटकांत हे सर्वांत जुने. आठच वर्षांपूर्वी सॅलॅमिसच्या समुद्रात ज्यांना हरवले त्या इराणी लोकांचे दुःख एस्किलस विजेत्या अथेन्सकरांना दाखवत होता, आणि तो स्वतः मॅरेथॉनला लढलेला सैनिक होता.

पंचांचा निकाल ही पहिली चाळणी. युरिपिडीसच्या ‘मीडिया’ला इ.स.पू. ४३१ मध्ये तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला. त्याचे ‘ट्रोजन वुमेन’ इ.स.पू. ४१५ मध्ये झाले. आदल्याच वर्षी अथेन्सने मेलॉस बेटावरचे पुरुष कापून काढले होते आणि बायकामुलांना गुलाम केले होते. त्या वर्षीचे पहिले बक्षीस झेनोक्लीस नावाच्या कवीला मिळाले. झेनोक्लीसचे एकही नाटक आज उरलेले नाही. नगराच्या पसंतीला काळाने प्रत्येक वेळी मान दिला असे दिसत नाही.

पुढच्या शतकात, इ.स.पू. ३३० च्या सुमारास, लायकर्गस या अथेन्सच्या नेत्याने एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांच्या नाटकांची अधिकृत प्रत सरकारी दप्तरात ठेवावी आणि नटांनी तिला सोडून बोलू नये, असा कायदा करवला. याचा अर्थ उघड आहे. नट ओळी बदलत होते, पदरच्या घालत होते. आपल्या संगीत रंगभूमीवर गाजलेल्या गायकनटांनी पदे वाढवली, लांबवली, हे आठवले की त्या कायद्याची गरज समजायला वेळ लागत नाही. गॅलन या वैद्याने नोंदवलेली हकीकत अशी, की इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमी राजाने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी ही प्रत पंधरा टॅलेंट चांदी अनामत ठेवून मागून घेतली, नक्कल केली, परत पाठवली ती नक्कलच, आणि अनामतीवर पाणी सोडले.

अलेक्झांड्रियातल्या विद्वानांपुढे या तिघांची मिळून अडीचशे-तीनशे नाटके असावीत. आपल्यापुढे किती आहेत? एस्किलसची सात, सोफोक्लीसची सात आणि युरिपिडीसची एकोणीस. यांतले ‘सायक्लॉप्स’ हे सॅटर नाटक वगळले तर शोकांतिका उरतात बत्तीस. त्यातही ‘रेसस’ युरिपिडीसचे आणि ‘प्रॉमेथ्यूस’ एस्किलसचे आहे की नाही, यावर वाद आहे.

ही गळती झाली ती मुख्यतः शाळेत. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या काही शतकांत शिकवायला सोयीची अशी थोडी नाटके पुनःपुन्हा नकलून घेतली जाऊ लागली. जे शिकवले जाई त्याच्या नकला होत. ज्याच्या नकला झाल्या ते टिकले. एस्किलस आणि सोफोक्लीस यांची प्रत्येकी सात नाटके ही अशी अभ्यासक्रमाची नाटके आहेत. युरिपिडीसच्या बाबतीत मात्र दैवाने हात दिला. शालेय निवडीतल्या दहा नाटकांखेरीज त्याची आणखी नऊ नाटके मिळतात, आणि त्यांची ग्रीक नावे वर्णमालेतल्या एप्सिलॉनपासून कॅप्पापर्यंतच्या अक्षरांनी सुरू होतात : हेलन, इलेक्ट्रा, हेराक्लीस, आयॉन, दोन इफिजेनिया, सायक्लॉप्स वगैरे. अक्षरानुक्रमे लावलेल्या संपूर्ण संग्रहाचा एक तुकडा कुठेतरी वाचला, एवढाच याचा अर्थ. ती नऊ नाटके फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयातल्या चौदाव्या शतकातल्या एका हस्तलिखितामुळे टिकून राहिली.

हा तुकडा फार महत्त्वाचा आहे, कारण तो कुणी निवडलेला नाही. आणि त्यात काय सापडते पाहा. ‘आयॉन’मध्ये हरवलेला मुलगा आईला परत मिळतो. ‘हेलन’मध्ये नवराबायको संकटातून निसटून घरी निघतात. टॉरिसच्या इफिजेनियाला भाऊ भेटतो आणि दोघे सुखरूप सुटतात. आपण या नाट्यप्रकाराला ‘शोकांतिका’ म्हणतो. शब्द सुंदर आहे, रूढ आहे, आणि तो मी शेवटपर्यंत वापरणार आहे. पण त्या शब्दाने शेवट शोकाचाच असणार असे आपल्याला आधीच सांगून टाकलेले असते. ग्रीक ‘ट्रॅगोडिया’ या शब्दात शेवटाविषयी काहीही सांगितलेले नाही. सोफोक्लीसचे ‘फिलोक्टेटिस’ किंवा एस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ या त्रयीचे शेवटचे नाटक वाचताना ‘ही कसली शोकांतिका?’ असे मराठी वाचकाला वाटते, त्यात नाटकाचा दोष नाही.

आता संपादकांकडे वळू. सॉफोक्लीस छापला गेला १५०२ मध्ये, युरिपिडीस १५०३ मध्ये, एस्किलस १५१८ मध्ये. तिघेही व्हेनिसच्या आल्डस मनुशियसच्या छापखान्यातून. तेव्हापासून आजपर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांचे विद्वान हस्तलिखिते ताडून पाहत आले आहेत. हे काम किती नाजूक आहे याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. ‘ओरेस्टिया’तल्या मधल्या नाटकाच्या आरंभीचा भाग हस्तलिखितातून गळालेला आहे. अनुवादात आपण ज्या पहिल्या ओळी वाचतो, त्यांतल्या काही ॲरिस्टोफेनीसच्या ‘फ्रॉग्ज’ या प्रहसनातून उचललेल्या आहेत, कारण तिथे एस्किलसची टिंगल करण्यासाठी त्या उद्धृत झाल्या होत्या. चेष्टेने वाचवलेल्या ओळी आपण गंभीरपणे वाचतो.

शिवाय हे काम संपलेले नाही. एस्किलसचे ‘सप्लायंट्स’ हे सर्वांत जुने नाटक, असे दीर्घकाळ मानले जात होते, कारण त्यात गायकवृंदाला फार मोठे स्थान आहे. १९५२ मध्ये इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसचा एक पपायरसचा तुकडा प्रसिद्ध झाला. त्यावरून ते नाटक सोफोक्लीस स्पर्धेत उतरल्यानंतरचे आहे हे कळले, आणि त्या नाट्यप्रकाराच्या वाढीविषयी रचलेले सिद्धांत मागे घ्यावे लागले. २०२४ मध्ये युरिपिडीसच्या ‘इनो’ आणि ‘पॉलिइडस’ या हरवलेल्या नाटकांतल्या सुमारे शंभर ओळी अशाच एका इजिप्शियन पपायरसवरून प्रसिद्ध झाल्या. म्हणून जुना अनुवाद हाती घेताना त्याच्या प्रस्तावनेखालचे साल पाहावे. अनुवाद चांगला असूनही प्रस्तावना शिळी झालेली असू शकते.

एवढ्या सगळ्यानंतर येतो अनुवादक. त्याच्यापुढची पहिली अडचण संगीताची. या नाटकांत गायकवृंद गात आणि नाचत असे. संवादांचे छंद वेगळे, गाण्यांचे वेगळे, गाण्यांच्या भाषेवर डोरियन बोलीची छटाही वेगळी. छापील गद्य अनुवादात हे सारे एका पातळीवर येते. ‘सौभद्र’ ज्याने नुसते वाचले आणि ज्याने ऐकले, त्या दोघांत जो फरक, तोच इथे आहे. संगीत नाटकाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला निदान हे तरी सांगावे लागत नाही, की पद सुरू झाले म्हणजे नाटक थांबलेले नसते.

दुसरी अडचण शब्दांची. ‘अँटिगनी’तल्या माणसाविषयीच्या प्रसिद्ध वृंदगीताचा आरंभच ‘देइनोस’ या विशेषणावर उभा आहे. त्याचा अर्थ आश्चर्यकारक असा होतो, भयंकर असाही होतो, आणि कधी चतुर असाही. इंग्रजी अनुवादक बहुधा यांतला एक अर्थ धरतो, आणि ते गीत माणसाची स्तुती तरी ठरते किंवा त्याच्याविषयीचा इशारा तरी. मराठीत आपल्याकडे ‘अचाट’ हा शब्द आहे. अचाट पराक्रम म्हणतो तेव्हा कौतुक असते. अचाट धाडस म्हणतो तेव्हा कौतुकाबरोबर काळजीही असते. सगळा अर्थ त्यात येत नाही, पण दोन्ही बाजू एका शब्दात राहतात. अनुवादाने नेहमी कमीच होते, या समजुतीला इथे थोडा तडा जातो.

याच्या उलटही घडते. इडिपसच्या कथेत मराठी अनुवादकाच्या लेखणीवर ‘प्रारब्ध’ किंवा ‘कर्मभोग’ हे शब्द सहज येऊन बसतात. ते आले की त्यांच्यामागून पूर्वजन्म येतो, आणि पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब येतो. सोफोक्लीसच्या नाटकात असा हिशेब कुठेच नाही. तो नाही, म्हणूनच ते नाटक इतके सोसवेनासे होते. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या मराठी रूपाला ‘राजा ओयदिपौस’ असे नाव दिले, इंग्रजी वळणाचे ‘ईडिपस’ टाळले. परके नाव परकेच ठेवल्याने वाचक जरा अडखळतो आणि सावध होतो. ती सावधगिरी उपयोगाची असते.

आता ती सतरा ओळींची जागा. कथा आपल्याला ठाऊक आहे. थीब्झच्या गादीसाठी एटिओक्लीस आणि पॉलिनायकीस हे भाऊ लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा क्रेऑन, त्यांचा मामा, हुकूम काढतो, की नगरावर चालून आलेल्या पॉलिनायकीसचे प्रेत उघड्यावर पडू द्यावे. त्यांची बहीण अँटिगनी हुकूम मोडून त्याच्यावर माती टाकते. पकडली जाते तेव्हा ती क्रेऑनला सुनावते, की देवांचे अलिखित नियम तुझ्या हुकमापेक्षा थोर आहेत. हे भाषण जगभर गाजलेले आहे.

पण तिचे आणखी एक भाषण आहे. जिवंतपणी गुहेत कोंडण्यासाठी तिला नेत असताना ती मेलेल्या भावाला उद्देशून बोलते. त्याचा आशय असा : नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी नगराविरुद्ध हे केले नसते. नवरा मेला तर दुसरा मिळाला असता, मूल गेले तर दुसऱ्या पुरुषापासून दुसरे झाले असते. पण आईबाप दोघेही मृत्युलोकात गेल्यावर मला दुसरा भाऊ कुठून होणार?

युरोपातल्या रसिकांना हे भाषण झेपले नाही. देवांच्या शाश्वत नियमाची गोष्ट बोलणारी मुलगी शेवटी असा हिशेब मांडते? १८२७ मध्ये एकरमनशी बोलताना गटेने इच्छा बोलून दाखवली, की एखाद्या चांगल्या पंडिताने या ओळी प्रक्षिप्त आहेत असे सिद्ध करावे. सोफोक्लीसचे थोर इंग्रज संपादक जेब यांनी ९०४ ते ९२० या सतरा ओळी कंसात टाकल्या. पुढे १९३९ मध्ये फिट्स आणि फिट्झजेरल्ड या अमेरिकन कवींनी ‘अँटिगनी’चा अनुवाद केला तेव्हा हा मजकूर सरळ गाळला. तो अनुवाद अतिशय वाचनीय आहे. तो वाचणाऱ्याला मात्र अँटिगनी असे काही बोलली होती, याचा मजकुरातून पत्ताच लागत नाही.

पुरावा काय सांगतो? ॲरिस्टॉटलने आपल्या ‘ऱ्हेटरिक’ या ग्रंथात नेमका हाच युक्तिवाद सोफोक्लीसच्या अँटिगनीचा म्हणून उद्धृत केला आहे : एखादी गोष्ट श्रोत्यांना पटण्यासारखी नसेल तर कारण जोडावे, याचे उदाहरण म्हणून. म्हणजे नाटकानंतर सुमारे शंभर वर्षांत हे भाषण त्याच्या प्रतीत होते. हिरोडोटसच्या इतिहासातही अशीच गोष्ट आहे. दरायस राजाने इंटाफर्नीसला कुटुंबातल्या पुरुषांसह पकडले. त्याची बायको राजद्वाराशी रडत राहिली. एकाला सोडतो, कोणाला हवे ते माग, असे राजाने म्हटल्यावर तिने भावाला मागितले, आणि कारण तेच सांगितले. आज बहुतेक संपादक या ओळी सोफोक्लीसच्याच मानतात.

आणि हा विचार ग्रीकांपुरता नाही. पालीतल्या उच्छंग जातकात कोसलच्या राजाने चोर समजून तीन माणसांना धरले : एका बाईचा नवरा, मुलगा आणि भाऊ. एकच मिळेल म्हटल्यावर ती भाऊ मागते. मूल आणि नवरा पुन्हा मिळतील, पण सहोदर आणायचा कुठून, असे तिचे म्हणणे. राजा प्रसन्न होऊन तिघांनाही सोडतो. वाल्मीकी रामायणात लक्ष्मण शक्तीने कोसळल्यावर राम जो विलाप करतो, त्यातही हाच सूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड पिशेल या जर्मन संस्कृतज्ञाने या भारतीय कथेकडे ‘अँटिगनी’च्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. कुणी कुणाकडून घेतले हा वाद बाजूला ठेवला, तरी एवढे कळते, की जे गटेला विचित्र वाटले ते प्राचीन जगात अनेक लोकांनी बोललेले होते.

श्रोतेहो, इथे पुस्तकी पुराव्याशिवाय आणखी एक पुरावा आपल्याजवळ आहे. आपल्या बायकांनी जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या, त्यांत नवऱ्यापेक्षा भाऊ किती वेळा येतो! आईबाप आहेत तोवर माहेर त्यांचे. ते गेले की माहेर म्हणजे भाऊ. तो उरला नाही तर बाईला जायला जागा उरत नाही, आणि आपण कुणाच्या घरच्या हे ओळखणारे माणूसही उरत नाही. आपल्यासारख्या, मूळ गाव चार-पाच पिढ्यांपूर्वी सोडून दूर स्थिरावलेल्या कुटुंबांत तर हे नाते अधिकच जपले गेले. या घरांतल्या एखाद्या आजीला अँटिगनीचे ते भाषण वाचून दाखवा. त्यात हिशेब आहे, असे ती म्हणणार नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर आपणही गटेसारखेच, फक्त उलट दिशेने, आपल्या मनासारखे वाचले असे होईल. जातकातली बाई आणि इंटाफर्नीसची बायको जिवंत भावाला वाचवतात. अँटिगनीचा भाऊ मेलेला आहे. तिच्या युक्तिवादाने कोणीही परत येणार नाही. दुसरा भाऊ होणार नाही हे खरे, पण हाही मिळणार नाही. इतर कथांत राजा विरघळतो. इथला राजा उशिरा विरघळतो, आणि तोवर तिने गुहेत गळफास घेतलेला असतो. शिवाय आपल्या ओवीतली बहीण भावाच्या सुखाची वाट पाहत सासरी नांदते. ही मुलगी न झालेल्या लग्नाचे, न झालेल्या मुलांचे दुःख बोलत मरायला चालली आहे. जुनी, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सोफोक्लीसने अशा ठिकाणी ठेवली, की तिचा उपयोगच उरला नाही. क्रेऑनपुढे ती नियम बोलली; आता तिचे ऐकायला देव नाहीत, वृंदातले म्हातारेही तिच्या बाजूचे नाहीत, आणि ती मेलेल्या भावाला सांगते आहे, की मी तुझ्यासाठी का मेले. ओळखीचे आणि अनोळखी असे दोन्ही एकदम दिसले, तरच ही जागा पुरती वाचली गेली म्हणायची.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. या बत्तीस शोकांतिका वाचा. एका नाटकाचे निदान दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचा. जिथे दोघांत फार अंतर पडेल तिथे खूण करा, कारण मूळ मजकूर बहुधा तिथेच अवघड किंवा वादग्रस्त असतो. ओळींचे आकडे दिलेले असतील तर ते मधेच उडी मारतात का, तेही पाहा. आणि आपल्यातले जे तरुण पुढे मराठीत ही नाटके आणतील, त्यांना एक विनंती. आपल्याला न पटलेली ओळ गाळू नका. ती तशीच ठेवा, हवी तर खाली टीप द्या. आपल्याला जी खटकली ती कुणाच्या तरी घरातली रोजची गोष्ट असू शकते. आणि तो वाचक अजून तुमच्या पुस्तकापर्यंत पोहोचायचा आहे.